आतोबांची भाषा

आमच्या घराखाली सुक्या मिरच्यांची वखार होती. मद्रासच्या मण्णडीतल्या त्या अरुंद रस्त्यावर सकाळी गाड्या लागल्या, पोती उतरू लागली, की वरच्या मजल्यावर आम्ही सगळे एकामागून एक शिंकायला लागायचो. आई फोडणी देता देता शिंके. अप्पा दाढी करताना शिंक आली की वस्तरा हातभर लांब धरत. घरी आलेला पाहुणा घाबरून विचारी, सगळ्यांनाच पडसं झालंय की काय. पलीकडच्या गल्लीत हिंग कुटत, तिच्यापुढे सुंठ आणि हळद, आणखी पुढे नव्या तागाच्या दोरखंडांचा ओलसर वास. डोळे मिटून चाललं तरी आपण कुठल्या वळणावर आलो ते नाकाला कळायचं. या सगळ्यावरून समुद्राचा खारा वारा वाहायचा आणि दिवसातून केव्हातरी बंदरातल्या जहाजाचा भोंगा वाजायचा. तो वाजला की फळीवरची पितळेची भांडी हलकेच थरथरत. आता वेस्ट मांबलमच्या माझ्या फ्लॅटमध्ये शेजारचा मिक्सर आणि स्टेशनातल्या गाडीची शिटी एवढंच ऐकू येतं, आणि शिंक आली तर मुलगी लगेच डॉक्टरकडे चल म्हणते.

आम्ही तंजावरचे मराठी. पूर्वज केव्हातरी राजाबरोबर दक्षिणेत उतरले. पुढे राज्य गेलं आणि पोटासाठी ते मद्रासला आले. कुणी कोर्टात दुभाषे झाले, कुणी गोऱ्यांच्या कचेरीत कारकून. माझे अप्पा बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका कंपनीत होते. घरात मराठी, जिन्याखाली तमिळ आणि वखारीच्या मालकांशी तेलुगू, अशी आमची जीभ दिवसभर वळत असे. लग्नानंतर माझ्या नवऱ्याला, तो मद्रासजवळच्या आवडी गावी फॅक्टरीत नोकरीला असलेला पुण्याकडचा माणूस, आमची मराठी ऐकून हसू फुटायचं. ‘तुम्ही बोलता की पोथी वाचता?’ असं तो विचारी. आज मी जी मराठी लिहिते आहे ती त्याच्याकडून उचललेली आहे. माझी खरी मराठी लिहायला बसले तर निम्मे शब्द तमिळ निघतील.

त्या गावात, मी मद्रासला गावच म्हणते, घरं भरलेली आणि पुरुष बाहेर, अशी पुष्कळ कुटुंबं होती. कुणाचा नवरा रंगूनला, कुणाचा कोलंबोला, कुणाचा सिंगापूरला. समुद्रापलीकडे दुकान, अलीकडे बायको. रंगूनचे लोक माझ्या जन्माच्या सुमारास हात हलवत परत आले होते. बंदरासमोरच्या फुटपाथवर ते परदेशी छत्र्या, अत्तरं आणि कंगवे विकत उभे असायचे. पिनांगचे मात्र अजून जात-येत होते. मोठं पांढरं प्रवासी जहाज यायचं, चार दिवस गल्लीत नव्या नायलॉनच्या साड्या आणि मलमाचा वास दरवळायचा, मग जहाज जायचं. त्या बायका खिडकीत बसून तांदूळ निवडत आणि कधी कुणाकडे काही बोलत नसत. माझी आत्या त्यांतलीच एक.

भागीरथी तिचं नाव. अप्पांची थोरली बहीण म्हणून घरात सगळे तिला अक्का म्हणत, माझी आईसुद्धा. लग्न झालं आणि वर्षाच्या आत आतोबा पिनांगला एका मसाल्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला गेले. सासरी कुणी उरलं नाही म्हणून आत्या आमच्याकडे राहिली ती कायमची. आतोबा तीन-चार वर्षांनी एकदा येत. उंच, किंचित वाकलेले, पांढराशुभ्र सदरा घातलेले. येताना बिस्किटांचे पत्र्याचे डबे आणत, माझ्या केसांवरून हात फिरवत आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहत. ‘डांगर वाढू?’ ‘वाढ.’ ‘पडून घेता?’ ‘घेतो.’ एवढंच त्यांचं बोलणं. उडदाच्या पिठाचं ताकातलं डांगर त्यांना आवडतं म्हणून आत्या ते रोज करी आणि ते रोज मुकाट्यानं खात. महिना-दीड महिना झाला की जहाजाचा भोंगा वाजे. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून, मागे न बघता म्हणत, ‘येतो.’ आत्या बंदरावर कधी गेली नाही. ती लगेच वळून स्वयंपाकघरात जाई आणि भांडी घासायला काढी.

मी आठवीत असताना पिनांगहून अप्पांच्या कचेरीत तार आली. आतोबा तापानं गेले होते आणि सगळं तिथंच उरकलं होतं. आत्या रडली नाही. बाकीच्या बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ती त्यांना पाणी देत होती. पुढे विधी झाले, तिच्या कपाळावरचं कुंकू गेलं, गळा मोकळा झाला. खिडकीजवळची खुर्ची आईनं आतल्या खोलीत नेऊन ठेवली. आत्या सकाळी नेहमीसारखी उठे, कॉफीच्या बिया भाजी, आणि मी शाळेतून आले की विचारी, ‘जेवलीस की नाही गे बाळे?’ माणूस गेला आहे असं काही घरात जाणवेना, कारण तो आधीही नव्हता. हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं.

पुढचं जहाज आलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी जिन्यावर बसून वाचत होते. अप्पा भलत्याच वेळी घरी परतले आणि त्यांच्यामागून एक बाई चढत होती. पांढरी सुती साडी, मोकळं कपाळ, आणि चेहरा चिनी. बंदराजवळ चिनी खलाशी दिसत, पण साडी नेसलेली चिनी बाई मी कधी पाहिली नव्हती. तिनं छातीशी लाल फडक्यात बांधलेला एक कलश धरला होता. अप्पांनी मला बाजूला व्हायची खूण केली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आई दारात आली. अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, ‘पिनांगहून आली आहे. भावोजींच्या अस्थी आहेत.’

‘ही कोण?’ आईनं विचारलं. अप्पांनी मान खाली घातली. आईला समजलं. तिनं दाराची कडी घट्ट धरली. ‘अस्थी घरात घेत नाहीत,’ ती म्हणाली. तसा रिवाज होताच, पण तिच्या आवाजात रिवाजापेक्षा जास्त काहीतरी होतं.

ती बाई एक पायरी खाली उतरली आणि सावकाश, शब्द तोलत बोलली. ‘सरी, बरं. मी हिकडेच बसतो.’

मी दचकले. ती भाषा मराठी होती, आमचीच, घरातली मराठी. आईचाही हात कडीवरून सुटला. बाई कलश मांडीवर घेऊन पायरीवर बसली आणि पुढे म्हणाली, ‘जहाजावर पण मी ह्यांच्याबरोबर बाहेरच बसलो. मला सवय जाहली.’

मला फस्सकन हसू आलं. बाई असून ‘बसलो’! तेवढ्यात मागे आत्या येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. तिनं ते शब्द ऐकले होते, आणि तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता.

‘पुन्हा बोल,’ आत्या म्हणाली.

बाई उभी राहू लागली. ‘अक्का? भागीरथी अक्का?’

‘बस. बोल.’

‘काय बोलू, अक्का? त्यांनी सांगितलं होतं, माझं काय उरेल ते घरी पोचव. म्हणून आलो. मी भांडायला आलो नाही. पुढल्या खेपेला जहाज निघालं की जातो.’

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. दोघींच्या मध्ये तो कलश. खाली हमाल पोती टाकत होते, मिरचीची धूळ जिन्यातून वर येत होती. ती बाई शिंकली, मग आत्या शिंकली. दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, ते मिरचीचंच असावं. मग आत्यानं मान वर करून अप्पांना विचारलं, ‘किट्टू, तुला ठाऊक होतं?’

अप्पांनी भिंतीकडे बघत मान डोलावली. बंदरात सगळ्यांना सगळं ठाऊक असे.

‘मला पण होतं,’ आत्या म्हणाली. ‘सदऱ्याची काजं काय सुरेख केलेली असायची दर वेळी. त्यांना तर सुईत दोरा ओवायला येत नव्हता.’ आणि त्या बाईकडे वळून, ‘तूच ना शिवतेस?’

‘होय, अक्का. माझं शिवणाचं काम आहे.’

तिचं नाव मीनाक्षी. रबराच्या मळ्यातल्या एका तमिळ जोडप्याला मूल नव्हतं. त्यांनी शेजारच्या चिनी कुटुंबाकडून, ज्यांना आणखी एक मुलगी नको होती, तिला तान्ही असतानाच घेतलं. ती तमिळ बोलत, मीनाक्षीअम्मा देवीला दिवा लावत वाढली. आतोबांशी तिनं तिथल्या देवळात हार घालून लग्न केलं होतं. मूल तिलाही झालं नाही. हे सगळं तिनं पायरीवरच सांगितलं. कलश अप्पांनी देवळाच्या आवारातल्या पिंपळाला बांधून ठेवला आणि आत्यानं मीनाक्षीला हाताला धरून घरात आणलं. आई दोन दिवस कुणाशीच बोलली नाही.

मीनाक्षीची मराठी एकाच माणसाकडून आलेली होती, आणि तो पुरुष होता. त्यामुळे ती ‘येतो, जातो, जेवलो’ म्हणे. तिला दुसरं ऐकायला कुणी मिळालंच नव्हतं. मी एकदा मोठ्या शहाणपणानं तिला सांगायला गेले, ‘बाईनं आले म्हणायचं, आलो नाही.’ आत्यानं माझा दंड धरून मला स्वयंपाकघरात नेलं. ‘तिला सुधारू नको,’ ती म्हणाली. ‘तिच्या तोंडून ते बोलतात.’ मग हळू आवाजात, ‘एवढं तर ते माझ्याशी जन्मात बोलले नाहीत.’

ते खरं होतं. त्या दिवसांत मला आतोबा कोण होते ते पहिल्यांदा कळलं. दुपारची जेवणं झाली की आत्या भुईवर आडवी होई आणि म्हणे, ‘बोल गे.’ मीनाक्षी शिवण घेऊन बसे आणि बोलू लागे. आतोबा संध्याकाळी दुकानातून आले की पाय धुता धुता बोलायला सुरुवात करत. कावेरीच्या पुरात लहानपणी वाहून गेलेली म्हैस, आजीचा चष्मा, शाळेतल्या मास्तरांची नक्कल. पावसात छपरावर आवाज फार झाला की ते ओरडून बोलत. ते गात असत. ‘गात?’ आत्या उठून बसली. ‘काय गात?’ मीनाक्षीनं देवाला झोपवतानाचं एक जुनं मराठी पद अगदी त्यांच्या ढंगात, शेवटच्या अक्षरावर रेंगाळत म्हटलं. आत्या ऐकत राहिली. पद संपल्यावर म्हणाली, ‘हिकडे ते पाहुण्यासारखे बसायचे. मला वाटायचं, स्वभावच तसा.’

‘तुमच्यापुढे त्यांना लाज वाटायची, अक्का,’ मीनाक्षी म्हणाली. ‘तुमची गोष्ट रोज सांगायचे. मला तुमच्या पायातली जोडवी पण माहीत.’

‘मला तुझं नाव एकदा सांगितलं असतं,’ आत्या म्हणाली, ‘तर मी काय केलं असतं?’ आणि मग स्वतःशीच, ‘भांडले असते. पण बोलले तरी असते.’

एक दिवस मीनाक्षीनं स्वयंपाक करायचा हट्ट धरला. तिनं डांगर केलं. तिनं ते कधी पाहिलेलं नव्हतं. आतोबा वर्णन करत आणि ती अंदाजानं करी, तेच तिला येत होतं. पीठ भाजलेलं नव्हतं, ताकाच्या जागी नारळाचं दूध होतं आणि वर कसल्यातरी पानाची लिंबासारखी चव. मी ताट सरकवलं. आईनं तोंड वाकडं केलं. आत्यानं मात्र सगळं खाल्लं. ‘हे असं खायचे?’ तिनं विचारलं. मीनाक्षी म्हणाली, ‘पहिल्यांदा खाल्ले तेव्हा रडले. मला वाटलं, चांगलं जाहलं म्हणून.’ आत्या हसली, आणि तिच्यामागून आईसुद्धा. त्यानंतर आई तिच्याशी बोलायला लागली.

अस्थी कुठे सोडायच्या यावर वाद झाला. अप्पांचं म्हणणं, तंजावरला कावेरीत न्याव्यात. आत्या म्हणाली, ‘जन्मभर ह्या समुद्रावरून आले-गेले, आता ह्याच्यातच राहू दे. कावेरी पण शेवटी हिकडेच येते.’ बायका अशा कामाला जात नसत, पण दोघी काशीमेडूच्या किनाऱ्यावर आल्या. भटजी कुरकुरले. मासे सुकत घातलेल्या त्या किनाऱ्यावर वाळूत पाय रुतत होते. अप्पा कलश घेऊन होडीत चढणार तोच आत्यानं तो आपल्या हातात घेतला, मीनाक्षीचे हात त्याच्यावर ठेवले, आणि दोघी तशाच गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. किती वेळ ते सांगता येणार नाही. होडीवाला कोळी डोक्याचं फडकं काढून उभा होता. मग अप्पा कलश घेऊन लाटांपलीकडे गेले. आत्या तेव्हाही रडली नाही. मीनाक्षीच्या साडीचा ओला काठ ती पिळत राहिली.

जहाज निघायचा दिवस आला. आत्यानं डांगराचं भाजलेलं पीठ डब्यात भरून दिलं आणि भाजायचं कसं ते तीनदा सांगितलं. मीनाक्षी आईच्या पाया पडली, माझे गाल ओढले. ट्रंक घेऊन अप्पा खाली गेले. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबली. मागे वळून पाहणं तिला जमेना, म्हणून तशीच पाठमोरी म्हणाली, ‘येतो, अक्का.’

आत्याच्या तोंडून एक आवाज निघाला. मी तसा आवाज माणसाच्या गळ्यातून पुन्हा ऐकलेला नाही. ती दारातच खाली बसली, कपाळ उंबऱ्याला टेकलं, आणि रडली. खालचे हमाल थांबले. मीनाक्षी धावत वर आली आणि तिला पोटाशी धरून बसली. खालून अप्पा हाका मारत होते, बंदराची वेळ होत होती. शेवटी आत्यानंच तिला दूर केलं. ‘जा. जहाज थांबत नाही,’ ती म्हणाली. त्या दिवशी भोंगा वाजला तेव्हा आत्या खिडकीत उभी होती. जहाज तिथून दिसत नसे, पण ती उभी राहिली.

आपण एकदा पिनांगला जायचं, हे आत्यानं त्यानंतर मनाशी ठरवलं. तिला ते घर, ते छप्पर, पाय धुवायची ती जागा बघायची होती. अप्पांनी पासपोर्टही करून आणला. फोटोत आत्या कॅमेऱ्यावर रागावल्यासारखी दिसते. पण कधी आईचं आजारपण, कधी माझं लग्न, कधी अप्पांची निवृत्ती, असं करता करता वर्षं गेली आणि ते प्रवासी जहाज बंद पडलं. विमानानं जा म्हटलं तर ती नाही म्हणाली. ते समुद्रावरून गेले, मीही समुद्रावरूनच जाईन, असा तिचा हट्ट. मण्णडीचं घरही सुटलं. आई-अप्पांच्या मागे आत्या वेस्ट मांबलमला माझ्याकडे राहिली. माझी मुलं तिच्याशी तमिळ बोलत आणि ती त्यांना मराठीत उत्तर देई. दिवाळीला मीनाक्षीच्या शिवणाच्या दुकानात फोन लावायचा. आत्याला पुढे पुढे ऐकू येईनासं झालं. ती फोन कानाशी धरून नुसतं ‘हं, हं’ करी आणि पलीकडची बोलत राही.

मुलांच्या परीक्षा चालू असताना एका सकाळी आत्या उठली नाही. विधी झाल्यावर मी स्टेशनरोडच्या टेलिफोन बूथमध्ये गेले आणि पिनांगला फोन लावला. मीनाक्षीनंच उचलला. मी सांगितलं.

‘जवळ कोण होतं?’ तिनं विचारलं.

‘मी होते.’

‘मग बरं जाहलं,’ ती म्हणाली. नंतर तिचा आवाज अगदी म्हातारा झाला. ‘बाळे, मी आता मराठी कोणाशी बोलतो?’

‘माझ्याशी बोला,’ मी म्हणाले.

ती बोलायला लागली. आत्याच्या हातचं पीठ किती दिवस पुरवलं ते सांगितलं, तिकडच्या पावसाचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. काचेबाहेर माणसं खोळंबली होती. एकानं नाणं वाजवून दारावर टकटक केली. मी त्याच्याकडे पाठ केली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.